अशक्त हृदय आणि चालते पाय

"आता तुम्ही काही करू नका, स्वस्थ पडून राहा," हे वाक्य आपल्या वऱ्हाडात घरोघरी मोठ्या प्रेमाने उच्चारले जाते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हृदयाचे दुखणे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की दुसऱ्या दिवसापासून त्यांची बाज छपरीत कायमची पडते. पाण्याचा गडवा हाताशी येतो, सून ताट बाजेवरच आणून देते, नातू चपला उचलून ठेवतो. येणारे-जाणारेही बजावतात, "बसून राहा बाप्पा, काहून उठता?" बाबाजींनाही ते पटते, कारण चार पावले टाकली की दम लागतो, हा त्यांचा रोजचा अनुभव असतो. मग सहा महिन्यांनी असे दिसते, की जो माणूस पूर्वी मारुतीच्या देवळापर्यंत जात होता, त्याला आता न्हाणीपर्यंत जाणेही जड झाले आहे. घरचे म्हणतात, दुखणे वाढले. दुखणे वाढले असेलही. पण पुष्कळदा त्याच्या जोडीला दुसरेच काही बळावलेले असते, आणि ते आपल्याला पुष्कळसे आवरता येण्यासारखे असते. त्याचाच विचार आज करू.

प्रथम या दुखण्याचे नाव समजून घेतले पाहिजे. डॉक्टर त्याला 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. 'फेल' हा शब्द आपल्या कानांवर शाळेच्या निकालातून पडलेला. त्यामुळे कागदावर हे नाव वाचले की घरात रडारड सुरू होते. हृदय बंद पडले, आता काही उरले नाही, असे वाटते. वस्तुतः हृदय चालूच असते. शरीराला जेवढे रक्त लागते, तेवढे पुरवणे त्याला कठीण जाते, इतकाच त्या नावाचा अर्थ. आपण त्याला सोप्या भाषेत 'हृदय अशक्त होणे' म्हणू. हृदयविकाराचा झटका ही निराळी गोष्ट आहे. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते आणि हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. असा झटका येऊन गेल्यावर पुढे हृदय अशक्त होऊ शकते, हा या दोहोंचा संबंध.

निरोगी माणूस स्वस्थ बसला असता त्याचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते आणि दिवसाकाठी सुमारे १ लाख ठोके देते. श्रमाच्या वेळी हेच काम चौपटीपर्यंत वाढते. हृदय अशक्त झाले म्हणजे हा वाढावा पुरेसा होत नाही. पाटाच्या पाण्याला पुढे वाट मिळाली नाही तर ते मागे तुंबते, तसे मग शरीरातले पाणी तुंबू लागते. फुप्फुसांत तुंबले तर दम लागतो, उताणे निजवत नाही, उशाला दोन-तीन उशा लागतात. पायांत उतरले तर घोटे सुजतात आणि बोटाने दाबले तर खळगा पडतो. हे होण्याची कारणे अनेक आहेत: बरीच वर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब, झटका, मधुमेह, दारू, आणि लहानपणी घसा व सांधे धरणाऱ्या तापाने बिघडलेल्या हृदयाच्या झडपा. केरळात तिरुवनंतपुरम येथे २०१३ साली इस्पितळांत दाखल झालेल्या अशा १,२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ वर्षे होते. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांपेक्षा ते सुमारे दहा वर्षांनी कमी आहे. म्हणजे आपल्याकडे हे दुखणे कर्तेपणाच्या वयातच माणसाला गाठते. अशा माणसाला बाजेवर बसवून ठेवणे घराला परवडत नाही आणि त्याच्या जिवालाही मानवत नाही.

तपासणीच्या कागदावर एक आकडा असतो, त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढे रक्त भरते, त्यांपैकी शेकडा किती एका ठोक्याला बाहेर पडते, ते 'इको' नावाच्या तपासणीत मोजतात. निरोगी माणसातही हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कोणाचाच नसतो. पण घरची माणसे त्याकडे परीक्षेच्या मार्कांप्रमाणे पाहतात. "बाबांचे तीसच टक्के हृदय चालू आहे," असे म्हणून त्यांना उठूही देत नाहीत. खरे पाहता या आकड्याचा आणि माणूस किती चालू शकतो याचा संबंध फार सैल आहे. तीस आकड्याचा एखादा माणूस बाजार करून येतो आणि साठ आकड्याच्या दुसऱ्याला घराचा जिना चढवत नाही. जवळजवळ निम्म्या रुग्णांत तर हा आकडा चांगलाच असतो. त्यांचे हृदय ताठर झाल्यामुळे नीट भरत नाही, हे त्यांचे दुखणे असते. तेव्हा औषधे ठरवण्यासाठी डॉक्टरांना हा आकडा हवा असतो. घरच्यांनी त्यावरून पावले मोजू नयेत.

मग माणूस चालतो की बसून राहतो, हे कशावर ठरते? या प्रश्नाचा जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यांतून निघालेल्या गोष्टी आपल्या घरातल्या, गल्लीतल्या आणि हवापाण्यातल्या आहेत, म्हणून त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट पायांची. न वापरलेला स्नायू झपाट्याने खंगतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यानंतर त्यांची श्रम करण्याची ताकद चौथ्या हिश्श्याहून अधिक घटलेली आढळली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने जेवढी ताकद गेली होती, तेवढी मधल्या तीस वर्षांच्या वयानेही गेली नव्हती. विशी-बाविशीतल्या पोरांची ही गत, तर साठीच्या आजारी माणसाची काय होत असेल? मांड्यांचे स्नायू रोडावले की थोड्याच श्रमात ते थकतात आणि माणसाला लवकर दम लागतो. दम लागला की तो बसतो. बसला की स्नायू आणखी रोडावतात. असे हे रहाटगाडगे फिरत राहते. आपण मात्र सगळा दोष हृदयावर टाकून मोकळे होतो.

विश्रांतीचा हा हट्ट पूर्वी डॉक्टरांचाही होता. हृदयाच्या रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवीत. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी झटका आलेल्या रोग्यांना अंथरुणावरून उठवून आरामखुर्चीत बसवण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण रोगी सुधारले. पुढे काही दशकांनी अशक्त हृदयाच्या रोग्यांनाही बेताबेताने व्यायाम देऊन पाहण्यात आला. २००९ साली अमेरिका, कॅनडा व फ्रान्स येथील २,३३१ रुग्णांवरील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. बेताचा, आखून दिलेला व्यायाम अशा रुग्णांना धोक्याचा नाही, त्याने त्यांचे रोजचे जगणे सुधारते आणि इस्पितळात जाण्याची पाळीही थोडी कमी येते, असे त्यात दिसले. २०२१ साली अमेरिकेतल्याच ३४९ वृद्ध रुग्णांवरील आणखी एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. हे इस्पितळात दाखल झालेले, अंगाने खंगलेले लोक. त्यांना खुर्चीवरून उठणे, तोल सांभाळणे, पाय बळकट करणे अशा साध्या गोष्टी शिकवल्या, तर ते अधिक चांगले चालू-फिरू लागले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की या सुधारणेतला मोठा वाटा हृदयाचा नसून पायांच्या स्नायूंचा असतो. हृदय तेवढेच राहिले तरी मिळालेल्या रक्तात स्नायू अधिक काम करू लागतात.

आपल्या अमरावतीला व्यायामाचे महत्त्व कोणी सांगावे असे नाही. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी येथे हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. या भागातल्या कितीतरी शाळांच्या व्यायाम-शिक्षकांचे शिक्षण तेथेच झाले. पण व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मल्लखांबावरचा घामाने निथळणारा तरुण. आजारी म्हातारा अंगणात दहा मिनिटे चालला, तर त्यालाही व्यायाम म्हणावे, हे आपल्या मनात येत नाही. ते आता मनात आणले पाहिजे.

दुसरी गोष्ट भीतीची. ज्याला एकदा मध्यरात्री श्वास कोंडून दवाखान्यात न्यावे लागले, त्याला प्रत्येक धापेत तीच रात्र दिसते. चालताना थोडा दम लागणे हे निरोगी माणसालाही होते. पण या माणसाला तो मरणाचा निरोप वाटतो. ज्या रुग्णांना 'मला हे जमेल' असा भरवसा असतो, ते अधिक चालतात, असे पुष्कळ पाहण्यांत आढळले आहे. येथे शिक्षक मंडळी विचारतील, की भरवसा असल्यामुळे माणूस चालतो, की चालता येते म्हणून भरवसा येतो? प्रश्न बरोबर आहे. अशा पाहण्यांत दोन गोष्टी जोडीने दिसतात. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यांवरून ठरत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना ओढून नेतात. म्हणूनच कोठून तरी सुरुवात करावी लागते, आणि थोडे चालून पाहणे ही सर्वांत सोपी सुरुवात आहे.

तिसरी गोष्ट घरच्या मायेची. ती हवीच, पण तिची दिशा बदलली पाहिजे. हातातला तांब्या काढून घेणारी माया माणसाला पांगळे करते. "चला, मीही येतो खांबापर्यंत," असे म्हणणारी माया त्याला उभे करते. सोबत असली की रुग्ण अधिक नियमाने चालतात. वर सांगितलेल्या २००९ च्या प्रयोगात इस्पितळात देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी अनेकांचा घरी गेल्यावर नेम सुटला. डॉक्टर, यंत्रे, सगळे असूनही हे झाले. तेव्हा आपल्या खेड्यात सोबतीवाचून नेम टिकेल, अशी आशा धरू नये.

चौथी गोष्ट मनाची. अशा सुमारे पाच रुग्णांपैकी एकाचे मन औषधोपचार लागावा इतके खचलेले असते. तो बोलत नाही, जेवणावरची वासना उडते, रात्री झोप नसते आणि दिवसा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. "मले आता काय करा लागते? झालं आपलं," असे तो म्हणतो. घरचे त्याला आळस म्हणतात किंवा म्हातारपण म्हणतात. ते दुखणे आहे, त्याला उपाय आहे, आणि डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे. यंदा पीक बुडाले, डोक्यावर कर्ज आहे, अशा घरांत तर या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे.

पाचवी गोष्ट सोबतच्या दुखण्यांची. गुडघे धरलेले असतात. विडीने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने छाती भरलेली असते. मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेलेली असते. आणि एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, ती अंगातल्या लोहाची. अशक्त हृदयाच्या रुग्णांत लोह कमी असणे फार आढळते, कधी कधी रक्त भरपूर दिसत असतानाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना शिरेतून लोह दिले, तेव्हा त्यांचा थकवा कमी झाला आणि सहा मिनिटांत ते अधिक अंतर चालू लागले. नुसत्या गोळ्यांनी हे फारसे साधत नाही, असेही पुढे दिसून आले. म्हणून औषधे चालू असूनही थकवा हटत नसेल, तर "माझ्या अंगातले लोह तपासले का?" असे डॉक्टरांना जरूर विचारावे.

सहावी गोष्ट लघवीच्या गोळीची. बोलायला संकोच वाटतो, पण तिच्यापायी कितीतरी लोक घराबाहेर पडत नाहीत. तुंबलेले पाणी बाहेर काढण्यासाठी ही गोळी देतात आणि ती घेतल्यावर काही तास वरचेवर जावे लागते. पुरुष कोठेतरी आडोसा शोधतो. बाईमाणसाने काय करावे? मग ती दवाखान्याच्या दिवशी गोळीच घेत नाही, किंवा गोळी घेते आणि बाहेर जाणे सोडते. दोन्ही वाईट. गोळीची वेळ मागेपुढे करता येते का, हे डॉक्टरांना विचारले तर पुष्कळदा वाट निघते. ज्या वेळी फिरायला जावयाचे, तिच्या आधी किंवा बऱ्याच नंतर गोळी पडावी, असा हिशोब बसवता येतो.

भगिनींविषयी आणखी सांगावयाचे आहे. स्त्री-रुग्ण पुरुषांहून कमी चालतात, असे अनेक ठिकाणी आढळले आहे. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण जोडले जाते. "घरात दिवसभर उभीच असते, तिला वेगळा व्यायाम कशाला?" असे म्हटले जाते. पण चुलीपुढे बसणे, भांडी घासणे, मध्येच भरली घागर उचलणे, यांत कधी अतिश्रम होतात आणि कधी काहीच होत नाही. नुसते चालण्यासाठी एकट्या बाईने रस्त्याने जाणे लोकांना विचित्र वाटते. म्हणून दोघी-तिघींनी मिळून जावे. वऱ्हाडातल्या अनेक गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने सुरू झालेली सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आजही होते. तेथपर्यंत पायी जाणे आणि परतणे, हा कोणाला न खटकणारा, वेळ ठरलेला आणि सोबत असलेला फेरफटका होय.

सातवी गोष्ट हवेची आणि रस्त्याची. आपल्या भागातला उन्हाळा कसा असतो, हे सांगण्याची गरज नाही. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि उन्हामुळे जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला. अशा दिवसांत अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवावे लागते. वरून घाम जातो आणि लघवीच्या गोळीने पाणी जातेच. परिणामी रक्तदाब उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी चालावे, नाहीतर घरातल्या घरात चालावे; आणि उन्हाळा लागण्यापूर्वीच गोळ्यांचे व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पावसाळ्यात आपली काळी माती चपलेला धरते, पाय घसरतो, पांदण बंद होते. त्या दिवसांत शाळेचा वऱ्हांडा, देवळाचा सभामंडप किंवा घरची ओसरी हाच रस्ता समजावा. पौष-माघाच्या थंडीत पहाटेचा हट्ट धरू नये, ऊन अंगणात आल्यावर निघावे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी, आपण विहिरीचे किंवा बोअरचे खारट पाणी पीत असलो, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मीठ अंगात पाणी धरून ठेवते, आणि ते लोणचे-पापड-ठेच्यातून येते तसे पाण्यातूनही येऊ शकते.

हे सारे ऐकून एखादा मजूर म्हणेल, "मी तं रोजच राबतो, मले चालायचं काय सांगता?" त्याचे म्हणणे खरे आहे. पण पोते उचलणे, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन सऱ्यांतून फिरणे, टळटळीत दुपारी कापूस वेचणे, यांना मोजलेला व्यायाम म्हणता येत नाही. त्यात दम कोंडून जोर लावावा लागतो आणि दम लागला तरी थांबता येत नाही, कारण दिवसाची मजुरी जाते. अशा माणसाने मालकाला आणि डॉक्टरांना आपली स्थिती सांगून हलके काम मागावे. येथे घराने आणि गावाने त्याला साथ दिली पाहिजे. एकट्याच्या निश्चयाने हे सुटणारे नाही.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय, ते सांगतो. सर्वांत आधी डॉक्टरांना विचारावे. झडप फार अरुंद झालेली असेल, छातीत कळ येत असेल किंवा ठोके फार अनियमित पडत असतील, तर त्याचा उपाय आधी झाला पाहिजे. प्रकृती स्थिर झाली, सूज उतरली आणि डॉक्टरांनी होकार दिला, की सुरुवात करावी. इस्पितळात सहा मिनिटांत किती मीटर चालता येते ते मोजतात. ते मोजून घेतल्यास पुढे सुधारणा कळते. घरी पहिल्या आठवड्यात सकाळी पाच मिनिटे व संध्याकाळी पाच मिनिटे सपाट जागी चालावे. पहिले आणि शेवटचे मिनिट अगदी सावकाश. त्रास झाला नाही तर दोन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवावीत. असे करीत करीत, आठवड्यातले पाच दिवस रोज अर्ध्या तासापर्यंत पोचता आले तर उत्तम. कोणाला दोन महिने लागतील, कोणाला चार. अर्धा तास सलग न जमल्यास दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करावेत. वेग किती असावा? चालता चालता सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये, इतका. बोलताना वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा. ज्याला चालणे मुळीच जमत नाही, त्याने हात न टेकता बाजेवरून पाच वेळा उठावे आणि बसावे. सुरुवातीला कोणी तरी जवळ असावे. जेवणानंतर तासभर तरी चालू नये. औषधे मात्र एक दिवसही सोडू नयेत. चालणे हे औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

थांबावयाचे कधी, हेही पाठ असावे. छातीत दुखणे, घेरी, थंड घाम, किंवा थांबल्यावरही दम न शमणे, अशी लक्षणे दिसली तर तेथेच बसावे आणि मदत मागवावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ताप असेल त्या दिवशी चालू नये. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, तर ते चरबीने वाढलेले नसते. अंगात पाणी साठत आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. घरी वजनकाटा नसेल तर आशा ताईंना विचारावे, उपकेंद्रात असतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेच्या फाटकापासून रस्त्याच्या खांबांमधले अंतर मुलांकडून टेपाने मोजून घ्या आणि प्रत्येक पन्नास मीटरवर चुन्याची खूण करा. मुलांचा गणिताचा तास होईल आणि आजारी माणसाला आपण काल किती चाललो, आज किती चाललो, हे कळेल. कालच्या खुणेपुढे आज एक खूण गेलो, हे कळले की 'मला जमेल' हा भरवसा आपोआप येतो, आणि तोच नेम टिकवतो. ज्यांच्या घरी असे आजोबा-आजी आहेत, त्या मुलांना संध्याकाळी त्यांच्यासोबत खांबापर्यंत जाण्याचे काम सांगा. आणि वर्गातल्या ज्या मुलाचा घसा दुखून ताप येतो आणि मग एकामागून एक सांधे सुजतात, त्याला डॉक्टरांकडे पाठवण्यास विलंब करू नका. त्याच तापाने झडपा बिघडतात. वेळीच औषध मिळाले तर पुढे त्या मुलाचे हृदय वाचू शकते.

एकंदरीत पाहता, हृदयात किती ताकद उरली आहे ते डॉक्टर पाहतील, त्यासाठी औषधे देतील. पण बाजेवरून उठून माणूस दाराबाहेर पडेल की नाही, हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी दवाखान्याबाहेर आहेत: भीती, माया, सोबत, ऊन, चिखल, गोळीची वेळ, मनाची उदासी. यांतली प्रत्येक गोष्ट थोडीथोडी हलवता येते. आज घरी गेल्यावर बाबाजींच्या चपला बाजेखालून काढून उंबरठ्याशी ठेवा, आणि उन्हे कलल्यावर त्यांना म्हणा, "चला, पहिल्या खांबापर्यंत जाऊन येऊ."